स्लोव्हेनियनमधलं द्विवचन: बोलींनी जगवलं की पुस्तकांनी?

कृष्णाकाठ:
शाळेत संस्कृतची रूपं घोकताना मधला द्विवचनाचा रकाना नकोसा व्हायचा. तो रकाना युरोपात वीसेक लाख लोक रोज बोलतात. स्लोव्हेनियनमध्ये ‘आपण दोघं जातो’ म्हणजे ग्रेव्हा, तिघं किंवा जास्त असले की ग्रेमो. गच्छावः, गच्छामः मधले व आणि म ते हेच. एक शहर ‘एनो मेस्तो’, दोन ‘द्वे मेस्ती’, तीन ‘त्री मेस्ता’. स्त्रीलिंगी-नपुंसकलिंगी ‘द्वे’सुद्धा थेट आपल्या पाठ्यपुस्तकातलं!

माझं मत असं की हे लोकांच्या तोंडाने टिकवलं, व्याकरणकारांनी नाही. पाणिनीहून काटेकोर व्याकरण कोणाचं? तरीही प्राकृतांनी द्विवचन सोडलंच. गिरनारच्या अशोकलेखात ‘द्वो मोरा एको मगो’ आहे. मोर दोनच, पण रूप अनेकवचनाचं.

पाटीपेन्सिल:
अजिबात पटलं नाही. बोलीच राखणदार असत्या तर गावोगावी चित्र वेगळं का? समुद्राकडच्या प्रिमोर्स्का भागातल्या कित्येक बोलींत द्विवचनाची जागा अनेकवचनाने घेतली आहे. इतरत्रही स्त्रीलिंगी नामांत ते ढासळलेलं आहे: दोन घरं म्हणजे पुस्तकात ‘द्वे हीशी’, तोंडात बऱ्याचदा ‘द्वे हीशे’. ल्युसियें तेनिएर या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली फक्त द्विवचनाचे नकाशे काढून एक अख्खा अॅटलास छापला. सगळीकडे सारखंच असतं तर नकाशे कशाला लागले असते?

या सगळ्यांना एका दोरीत बांधलं ते छापील भाषेने. १५५० मध्ये त्रुबार या धर्मसुधारकाची स्लोव्हेनियनमधली पहिली छापील पुस्तकं, १५८४ मध्ये बोहोरिचचं व्याकरण, पुढे शाळा आणि वर्तमानपत्रं. पाणिनीचं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं. त्याच्यामुळेच संस्कृतातलं द्विवचन आजही शाबूत आहे. प्राकृत बोलणारं पोर कुठल्या शाळेत जात होतं?

नदीपार:
मी नऊ वर्षं स्लोव्हेनियाच्या राजधानीत, लुब्लियानात राहते, म्हणून कानावर पडतं ते सांगते. माझी सहकारी ‘आम्ही दोघी गेलो’ हे ‘मेद्वे स्वा श्ले’ असं म्हणते. यातलं ‘स्वा’ पक्कं द्विवचनी, ‘श्ले’ मात्र अनेकवचनी. पुस्तकाप्रमाणे ‘श्ली’ हवं. एकाच वाक्यात अर्धं टिकलेलं, अर्धं गेलेलं. क्रियापद घट्ट धरून आहे, बायकांची रूपं आधी निसटतात.

उलट मारिबोर शहराकडे ‘ग्रेव्हा’चं ‘ग्रेमा’ होतं. हे रूप प्रमाण भाषेत नाही, म्हणजे कोणत्याही शाळेने शिकवलेलं नाही.

आणि एक विनंती, दोघांसाठी वेगळं रूप आहे म्हणून याला ‘प्रेमाची भाषा’ म्हणू नका. डोळे, हात, पाय, आई-वडील यांना साधारणपणे अनेकवचनच चालतं. द्विवचन दोन पोलिसांना आणि दोन बटाट्यांनाही तितकंच लागतं.

कृष्णाकाठ:
‘ग्रेमा’ हाच माझा पुरावा. पुस्तकाबाहेर ज्याला नवा प्रत्यय फुटतो ते जिवंत आहे.

पाटीपेन्सिल:
तो ‘म’ आला कुठून ते बघा की! अनेकवचनाच्या ‘ग्रेमो’तून. आज व्यंजन घेतलं, उद्या सगळं रूप घेईल. शेजारच्या क्रोएशियनमध्ये काय झालं? दोनसाठीचं रूप तीन-चारलाही लावू लागले आणि द्विवचन संपलं. तरीही क्रियापदाबाबत नदीपार यांचं म्हणणं मान्य. तिथे शाळेला फार काही करावं लागलेलं नाही.

उंबरठा:
मराठीने गमावलं म्हणून हळहळ कशाला? आपल्याकडे दोघे-दोघी आहेत, तिघे-तिघीही आहेत. शिवाय आम्ही आणि आपण. ‘ग्रेव्हा’ म्हणजे मी आणि तू, की मी आणि तो? रूप सांगत नाही. मराठी ते पहिल्याच शब्दात सांगते. प्रत्येक भाषा आपली मोजणी कुठे खर्च करायची ते स्वतः ठरवते.

नदीपार:
आम्ही-आपणची उणीव मला इथे खरंच जाणवते. पण उलटंही होतं. ऑफिसात तिघी बसलेल्या असताना एकीने दुसरीकडे बघून ‘ग्रेव्हा ना काव्हो?’, म्हणजे कॉफीला जायचं का, असं विचारलं तर तिसरी खुर्चीतून उठत नाही. आपलं ‘जाऊ या का’ ऐकून मी पहिल्या वर्षी दोनदा उठले असते.