बुरशीनाशकाने गिऱ्हाइकांची झाडं गेली, भरपाई कोणी द्यायची?

प्रश्न: मी लोकांच्या बागा सांभाळतो. नवीन बुरशीनाशक लेबलवरच्याच प्रमाणात मारलं आणि आठवड्याभरात गुलाबांची पानं वेडीवाकडी झाली, फुटवे पण आखडलेत. गिऱ्हाईक माझ्याकडे पैसे मागतायत, दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा. जबाबदार नक्की कोण?

उत्तर १: उरलेली बाटली अजिबात फेकू नका!! सील करा, बॅच नंबर, बिल, फोटो सगळं जपा. पानं अशी वळली म्हणजे त्यात तणनाशक मिसळलेलं असू शकतं, पण तुमच्या पंपात आधी तणनाशक होतं का? कंपनी पहिलं हेच विचारणार.

उत्तर २: गिऱ्हाइकांचा व्यवहार तुमच्याशी झालाय त्यामुळे ते तुमच्याकडेच येणार, पण माल सदोष ठरला तर ती रक्कम तुम्ही दुकानदार आणि उत्पादकाकडून मागू शकता. लॅब रिपोर्ट लागेलच. अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीने बेनलेट डीएफ हे बुरशीनाशक अशाच तक्रारींमुळे १९९१ मध्ये परत मागवलं, बागायतदारांना कोट्यवधी डॉलर दिले, तरी नुकसान नेमकं कशाने झालं यावरून कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालला.

प्रश्नकर्ता: तणनाशकाचा पंप वेगळाच आहे. आणि न फवारलेली झाडं ठणठणीत आहेत.

उत्तर २: मग त्यांचेही फोटो आजच काढा. कंपनीला लेखी कळवा, नुसता फोन नको.