‘तीन नॅनोमीटरची चिप’ म्हणजे काय?

प्रश्न: वर्तमानपत्रांत ‘तीन नॅनोमीटरची चिप’ असे सर्रास छापले जाते. चिप तर नखाएवढी असते. मग हे तीन नॅनोमीटर नेमके कशाचे? आणि या संदर्भातल्या ‘नोड’ला, म्हणजे अशा आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या चिपनिर्मितीच्या टप्प्याला, मराठीत काय म्हणावे?

उत्तर: चिपचे तर नाहीतच, पण आज ते तिच्यावरच्या कोणत्याही एका भागाचे मापही नाही. १९९० च्या दशकापर्यंत हा आकडा आणि ट्रान्झिस्टरच्या (चिपवरच्या सूक्ष्म विद्युत-स्विचच्या) गेटची, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागाची, लांबी यांचा बऱ्यापैकी मेळ होता. पुढे तो सुटला, तरी दर पिढीला आकडा साधारण ०.७ ने गुणून खाली आणण्याचा शिरस्ता चालूच राहिला. इंटेलच्या ‘१० नॅनोमीटर’ प्रक्रियेत शेजारच्या दोन गेटांमधले अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत मोजले तर, ५४ नॅनोमीटर होते. तिच्याच सुधारित रूपाला कंपनीने २०२१ मध्ये ‘इंटेल ७’ म्हटले आणि नावातून नॅनोमीटर गाळला, हे एका परीने बरेच झाले.

मेळ सुटण्याचे कारण जाहिरातबाजी एवढेच नाही. गेटखालचा ऑक्साइडचा विद्युतरोधक थर १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे मोजक्या अणूंच्या जाडीवर आला, तेव्हा त्यातून इलेक्ट्रॉन गळू लागले आणि आकार नुसता घटवून भागेना. म्हणून ४५ नॅनोमीटरच्या पिढीत, २००७ मध्ये, इंटेलने त्याजागी हाफ्नियम या धातूचे संयुग असलेला थर आणला, आणि २२ च्या पिढीत प्रवाहाची वाट पट्टीसारखी उभी करून तिला तीन बाजूंनी गेटने वेढले. अशी सुधारणा कोणत्या लांबीने सांगणार? चिपवर प्रकाशाने नक्षी उमटवण्याच्या छपाईतही नुसते माप घटवून भागत नाही: १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने बारीक रेषा उमटतात खऱ्या, परंतु त्याचा प्रत्येक फोटॉन (प्रकाशकण) जुन्या १९३ नॅनोमीटरच्या फोटॉनपेक्षा सुमारे चौदापट ऊर्जेचा असल्यामुळे तेवढ्याच ऊर्जेत फोटॉनांची संख्या घटते, ते कुठे कमी तर कुठे अधिक पडतात, आणि रेषांच्या कडा खडबडीत होतात किंवा एखादे छिद्र उमटतच नाही.

‘नोड’साठी वनस्पतिशास्त्रातला ‘पेर’ इथे चालणार नाही. बातमीत ‘पिढी’ आणि तांत्रिक लेखनात ‘नोड’च ठेवावा, असे मला वाटते.

पुरवणी (दुसऱ्या उत्तरकर्त्याची): ‘पिढी’ला माझीही संमती आहे, फक्त आकड्यांचे गुणोत्तर काढू नये. गुजरातेतल्या धोलेऱ्याच्या नियोजित चिप-कारखान्यातला ‘२८ नॅनोमीटर’चा ट्रान्झिस्टर ‘३’च्या नऊपट लांब असतो, असे वाक्य मराठीत निर्दोष असले तरी अर्थाने चुकीचेच ठरते.