ओसेमॉसिसवरून पायप्सावर जाताना आधी काय तपासावं?

प्रश्न: भागीदार संस्थेसोबतच्या प्रकल्पात आता ओसेमॉसिसऐवजी पायप्सा वापरायचं ठरलंय (दोन्ही ऊर्जाव्यवस्थेची मॉडेलं बनवायची साधनं). त्यांचा डेटा पेटाज्यूलमध्ये आणि मोजक्या टाइम-स्लाइसमध्ये (वर्षाचे प्रातिनिधिक कालखंड) आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: आधी एककं. १ पेटाज्यूल म्हणजे सुमारे २७७.८ गिगावॉट-तास, पायप्सात सगळं मेगावॉट-तासात ठेवा. पण खरी गफलत भांडवली खर्चात होते. ओसेमॉसिस पूर्ण रक्कम घेऊन डिस्काउंटिंग (पुढच्या खर्चाचं आजचं मूल्य काढणं) स्वतः करतं. पायप्साच्या कॅपिटल कॉस्टमध्ये वार्षिक हप्ता द्यावा लागतो. दर ७ टक्के, आयुष्य २५ वर्षं, तर पूर्ण रकमेला गुणायचा गुणक ०.०८५८. पूर्ण रक्कम तशीच टाकली तर नवी क्षमता अवाजवी महाग ठरते, आणि एरर मात्र येत नाही. म्हणून हे हाताने तपासाच.

उत्तर २: टाइम-स्लाइसवर बॅटरीचे निष्कर्ष काढू नका, तासांचा क्रमच हरवलेला असतो. ८७६० तासांची मालिका मिळवा. चाचणीला १६८ तास चालवणार असाल तर प्रत्येक स्नॅपशॉटचं (मॉडेलमधल्या एकेका तासाचं) वजन ५२.१४ द्या, नाहीतर वर्षाच्या हप्त्यासमोर आठवड्याचं इंधन मोजलं जाईल.

उत्तर ३: ‘इन्फीझिबल’ (सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही) आलं तर प्रत्येक नोडवर (जाळ्यातल्या जोडबिंदूवर) खूप महागडा काल्पनिक जनरेटर जोडा, तो चालेल तिथे तुटवडा. सॉल्व्हर (मॉडेलचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) दोन्ही संस्थांकडे हायज ठेवा, आवृत्तीही एकच. ते मुक्त-स्रोत असल्याने परवान्याचा प्रश्न येत नाही.