भाड्याची एक गाडी, तीन देश : निघण्यापूर्वी कोणते नियम वाचावेत?

पायवाट (प्रश्न)

येत्या सुट्टीत आम्ही उभयता आणि आमची दहा वर्षांची मुलगी म्युनिकला भाड्याची गाडी घेऊन ऑस्ट्रियामार्गे उत्तर इटलीत उतरणार आहोत. परवाना आहे, आंतरराष्ट्रीय परवानाही काढणार आहे, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवण्याचा थोडा सराव आहे. पाट्या वाचत, पुढच्या गाडीच्या मागोमाग जात राहिले की निभावते, असा माझा आजवरचा समज होता. परंतु एका परिचितांना परत आल्यावर सात महिन्यांनी इटलीतून दंडाची नोटीस आली आणि आपण नेमका कोणता नियम मोडला हे त्यांना अजूनही उमगलेले नाही, हे ऐकल्यापासून मी धास्तावलो आहे. तिन्ही देशांचे वाहतूक कायदे मुळापासून वाचणे शक्य नाही. तेव्हा आधी काय वाचावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चक्रधर

तुमच्या परिचितांचा गुन्हा बहुधा ‘झोना ट्राफिको लिमिटाटो’, म्हणजे जुन्या शहराच्या गाभ्यातील मर्यादित वाहतूक क्षेत्रात शिरण्याचा असावा. हे मी अनुभवाने सांगतो. फ्लॉरेन्समध्ये हॉटेल दोनशे मीटरवर दिसत होते, नकाशा सरळ जा म्हणत होता, आणि गल्लीच्या तोंडाशी लाल कडेचे पांढरे वर्तुळ व त्याखाली ‘वार्को आत्तिवो’ अशी उजळलेली अक्षरे होती. ‘वार्को’ म्हणजे प्रवेशद्वार आणि ‘आत्तिवो’ म्हणजे चालू, एवढे इटालियन मला येत होते. म्हणून द्वार खुले आहे असे समजून मी बिनघोर आत गेलो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘निर्बंध चालू आहे’ असा नेमका उलट होता! सामान उतरवून बाहेर पडलो, एक चक्कर मारून पुन्हा त्याच कॅमेऱ्यासमोरून आत आलो, आणि प्रत्येक प्रवेश हा स्वतंत्र गुन्हा धरला गेल्याने नोटिसाही दोन आल्या. त्याआधीच गाडी भाड्याने देणाऱ्यांनी माझे नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचे शुल्क कार्डावरून परस्पर कापून घेतले होते. ते दंडाव्यतिरिक्त असते. परदेशस्थ चालकाला नोटीस बजावण्यास तेथील कायदा ३६० दिवसांची मुदत देतो, त्यामुळे सात महिने हा काही उशीर नव्हे. हॉटेल त्या क्षेत्रात असेल, तर गाडीचा क्रमांक पोलिसांकडे नोंदवता येईल का, हे पोहोचण्यापूर्वीच हॉटेलला विचारावे.

सनद

आंतरराष्ट्रीय परवाना हा स्वतंत्र परवाना नसून मूळ परवान्याचे प्रमाणित भाषांतर आहे, म्हणून मूळ परवाना सोबत नसेल तर त्याचा काहीही उपयोग नाही. तो ज्या देशाचा मूळ परवाना आहे तेथूनच, निघण्यापूर्वी काढावा लागतो. त्याचे नमुनेही वेगवेगळे आहेत : १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला एक वर्ष चालतो, तर १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला जास्तीत जास्त तीन वर्षे. हा केवळ कागदी भेद नाही. उदाहरणार्थ, जपानमध्ये फक्त १९४९ च्या नमुन्याचा परवाना ग्राह्य धरतात.

दुसरे, विम्याच्या अटी. गाडी सीमेपलीकडे नेण्यास भाडेकराराची अनुमती आहे का, हे करारातच लिहिलेले पाहून घ्यावे. मद्याची मर्यादा या तिन्ही देशांत सर्वसाधारण चालकासाठी रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, मात्र जर्मनीत अपघात झाला किंवा गाडी डळमळताना आढळली तर ०.३ पासूनच फौजदारी प्रकरण होऊ शकते. माझ्या मते हा आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा गाडी चालवायच्या दिवशी न पिणे सोपे.

वळणवाट

‘पुढच्या गाडीच्या मागोमाग’ या धोरणाविषयी लिहितो, कारण ते या मार्गावर तरी अंगाशी येण्याचा संभव आहे. इन नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या ऑस्ट्रियाच्या ए-१२ महामार्गावर हवाप्रदूषण रोखण्यासाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि तिच्यातून काही विद्युत वाहनांना सूट आहे. म्हणजे तुमच्या पुढची गाडी १३० ने रीतसर जात असेल आणि तिच्यामागे तितक्याच वेगाने जाणारे तुम्ही मात्र दंडास पात्र ठराल.

त्याहून अवघड आहेत ते पाटी नसलेले नियम. जर्मनीतील निवासी भागात दोन गल्ल्या मिळतात तिथे अनेकदा कोणतीच खूण नसते, आणि खूण नसणे याचाच अर्थ उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे असा होतो, मग तुमचा रस्ता कितीही रुंद दिसो. तसेच महामार्गावर वाहतूक तुंबू लागली की, रुग्णवाहिकेचा आवाज येण्याची वाट न पाहता, सर्वांत डावीकडच्या रांगेने डाव्या कडेला आणि बाकी सर्व रांगांनी उजवीकडे सरकून मध्ये वाट मोकळी ठेवायची असते. जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोन्हीकडे हे बंधनकारक आहे. पावसात इटलीच्या महामार्गांवरील १३० ची मर्यादा ११० होते, हेही दर वेळी पाटीवर दिसेलच असे नाही.

पायवाट

सर्वांचे आभार. मुलीची उंची १४० सेंटिमीटर आहे. तिला मुलांचे आसन लागेल का? आणि ऑस्ट्रियातील पथकराचे काय करावे?

वळणवाट

जर्मनीत लागेल, कारण तिथे १२ वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ते आवश्यक आहे. ऑस्ट्रियात मर्यादा १३५ असल्याने लागणार नाही, आणि इटलीत १५० असल्याने पुन्हा लागेल. ऑस्ट्रिया-इटली सीमेवरील ब्रेनर घाटातून जाताना मुलीला याची मौज वाटेल, पण आसन काढण्या-घालण्याचा खटाटोप न करता ते तिन्ही देशांत ठेवावे.

ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी ‘विन्येट’ हा मुदतीचा पथकर भरावा लागतो. जर्मनीत घेतलेल्या गाडीवर तो असेलच असे नाही, तेव्हा चावी घेतानाच विचारावे आणि नसेल तर सीमेपूर्वी घ्यावा. ब्रेनरच्या ए-१३ मार्गाचा कर मात्र वेगळा, नाक्यावर भरायचा. चावी घेताना परावर्तक जाकिटे गाडीत कुठे आहेत तेही पाहून ठेवा. ती सामानाखाली डिकीत गाडली गेली, तर रात्री महामार्गाच्या कडेला उतरण्यापूर्वी अंगात घालता येणार नाहीत.