प्ले स्टोअरचं १५ टक्के कमिशन की स्वतःचं पेमेंट गेटवे?

प्रश्न: स्पर्धा परीक्षेचं अ‍ॅप आहे. त्यात रेकॉर्डेड व्हिडिओंचं वार्षिक सबस्क्रिप्शन (₹५००, जीएसटी वेगळा), छापील पुस्तकं आणि शिक्षकासोबत एकट्या विद्यार्थ्याचा लाइव्ह तास, असं तिन्ही विकायचं आहे. कमिशन सगळ्यावर लागतं का? पर्यायी बिलिंग (प्लेच्या जोडीला स्वतःच्या गेटवेतूनही पैसे घेणं) घेतलं तर किती वाचेल?

उत्तर १: पुस्तकांवर कमिशन नाही. घरपोच वस्तूंना प्ले बिलिंग (गूगलची स्वतःची पेमेंट व्यवस्था) चालतच नाही, तिथे थेट गेटवे (ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) लावा. व्हिडिओंवर मात्र लागतं. सबस्क्रिप्शनला गूगल १५ टक्के घेतं, म्हणजे ₹५०० मागे ₹७५. भारतात पर्यायी बिलिंग दिलं तर दर ४ टक्क्यांनी उतरून ११ होतो, म्हणजे ₹५५. गेटवेचे २ टक्के धरले तर आणखी ₹१०. म्हणजे वाचले फक्त ₹१०. हजार सबस्क्रिप्शनला दहा हजार रुपये.

त्यासाठी काम किती, तेही मोजा. बाहेरून झालेला प्रत्येक व्यवहार टोकनसह (गूगलने त्या व्यवहाराला दिलेला ओळख-कोड) २४ तासांत गूगलला कळवावा लागतो. नूतनीकरणही कळवायचं आणि परतावाही. परतावा कळवायचा राहिला तर पैसे ग्राहकाला गेलेले असतात आणि कमिशन तुमच्या माथी राहतं. छोट्या टीमने या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत.

उत्तर २: आयफोनबद्दल. अ‍ॅपलचा मूळ दर ३० टक्के. वर्षाला १० लाख डॉलरच्या आत असाल तर १५, पण स्मॉल बिझनेस प्रोग्रॅममध्ये अर्ज केल्यावरच. आधी झालेल्या विक्रीचा फरक परत मिळत नाही, म्हणून अ‍ॅप विक्रीला लावण्याआधी अर्ज करा.

अ‍ॅपलवर लाइव्ह तासाला एक शिक्षक, एक विद्यार्थी असेल तर बाहेरचं पेमेंट चालतं. त्याच तासाला दुसरा विद्यार्थी बसवला की इन-अ‍ॅप खरेदी (अ‍ॅपलच्याच पेमेंट व्यवस्थेतून) सक्तीची. इथे अ‍ॅप नाकारलं जाऊ शकतं. आणि ‘वेबसाइटवर स्वस्त घ्या’ असं बटण भारतातल्या अ‍ॅपमध्ये ठेवू नका. एपिक गेम्स विरुद्ध अ‍ॅपल या अमेरिकी खटल्यातल्या ३० एप्रिल २०२५ च्या आदेशाने अशा बटणाला मिळालेली मुभा अमेरिकेच्या स्टोअरपुरती आहे.

उत्तर ३: विद्यार्थ्याच्या बाजूनेही बघा. प्लेमधून घेतलेलं सबस्क्रिप्शन त्याला प्लेच्या एकाच यादीत दिसतं, तिथूनच बंद करता येतं, आणि पहिल्या ४८ तासांत परतावा गूगलकडे मागता येतो. गेटवेतून घेतलेलं त्या यादीत सापडत नाही. मग ‘रद्द करा’ बटण, पावती, परताव्याची मुदत हे सगळं तुम्हालाच अ‍ॅपमध्ये द्यावं लागेल, तेही पहिल्याच स्क्रीनवरून सापडेल असं.