नगरसेवक परत आले, आता आशा धरावी का?

पांगारा, पुणे
पाडवा झाला, कडुनिंबाला नवी पालवी आहे आणि पुष्कळ दिवसांनी पालिकेबद्दल मला बरं वाटतंय. मुंबई-पुण्याच्या सभागृहांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासक. अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचं आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचं. झाडतोडीला परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाचंही तेच. झाडावर चिकटवलेली नोटीस वाचून लोक हरकती द्यायचे, पण प्राधिकरणात त्यांच्या बाजूने बोलणारा एकही नगरसेवक नव्हता. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं आणि यंदा 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांचं मतदान झालं. निवडून आलेले सगळे चांगले आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्याला पुन्हा मत मागायला दारात यायचंय, असा माणूस आता तिथे बसलाय. मला यात आशा दिसते. तुम्हाला?

हडपसरकर
नाही दिसत. या निवडणुकीत साठहून अधिक उमेदवार मतदानाआधीच बिनविरोध निवडून आले. त्या जागांसाठी मतदाराला बटण दाबायची संधीच मिळाली नाही. मुंबईत मतदान 53 टक्क्यांच्या आसपास. पुण्यात 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक, म्हणजे प्रभागात चार आणि एका ठिकाणी पाच. ड्रेनेज तुंबलं तर विचारायचं कोणाला? एक दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा म्हणतो माझा भाग नाही. मुंबईत निदान एका प्रभागाला एक नगरसेवक आहे. आणि पुन्हा मत मागायला येईल हे तरी कशावरून? पुढच्या वेळी आरक्षणाची सोडत बदलली की तो दुसरीकडून उभा राहील. जाब विचारायचा तर माणूस जागेवर तरी हवा.

मोहफूल, गडचिरोली
तुम्ही दोघंही नगरसेवकापाशीच अडकलात. आमच्या जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गाव बघा. ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचं राज्य, ही तिथली घोषणा. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने; एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा बसायचं. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो वनखातं देईना. गाव अडून राहिलं. शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपानांचा व्यवहार स्वतः करू लागल्या. आत्ता मोह गळतोय, मग तेंदूचा हंगाम. दर काय घ्यायचा, बोनस किती वाटायचा, हे गाव बसून ठरवतं. हे कुणी निवडून आला म्हणून झालेलं नाही.

वारणाकाठ
मोहफूलदादा, मेंढ्याबद्दल आदर आहे. पण तिथे जंगल आहे, म्हणून सभेला बसणाऱ्याच्या हाती काही पडतं. आमच्याकडे ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतली जी संख्या कमी ती गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी. तेवढेही जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, मग दहा-बारा जणांत ठराव मंजूर. 2011 पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, तरी कितीतरी गावांत सहीपुरती ती आणि बोलायला तिचा नवरा. याच्यावर आशा कशी धरू?

पांगारा
ताई, तुमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव ग्रामपंचायतीचा, पण राज्यभर पोचला.

वारणाकाठ
हेरवाडचा अभिमान मलाही आहे. पण त्या ठरावाला कायद्याचं बळ नाही, मोडला तर शिक्षा नाही. घरातली मोठी माणसं अडून बसली तर ती बाई एकटीच पडते. कायदा हवा.

हडपसरकर
माझा मुद्दा राहिलाच. गावाला निदान ग्रामसभा आहे, शहरात काय आहे? 2009 मध्ये राज्याने क्षेत्रसभेची, म्हणजे ग्रामसभेसारख्या शहरातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद केली. आमच्या भागात ती कधी भरलेली मला माहीत नाही.

पांगारा
मान्य. पण ती तरतूद लावून धरायला सभागृह लागतं, आणि ते आता आहे. शिवाय प्रभाग समितीवर, म्हणजे त्या भागातल्या प्रभागांचे नगरसेवक बसतात त्या समितीवर, सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. दर वेळी ती नावं पक्षाच्या कार्यकर्त्यांची जातात, कारण बाकी कुणी अर्जच करत नाही. पावसाळापूर्व नालेसफाई आता सुरू होईल. कुठल्या नाल्यातून किती गाळ काढला, त्याचं वजन कुठे झालं, हे प्रभाग समितीत विचारता येतं. जूनमध्ये पाणी घरात शिरल्यावर विचारून काय उपयोग?

हडपसरकर
समितीत नाव घालायला नगरसेवकांचीच संमती लागते ना? म्हणजे पुन्हा त्यांच्याच दारात. अर्ज मी करेन. पण नाकारला तर कारण लेखी मागणार आणि ते इथे टाकणार.

मोहफूल
टाकाच. आणि वारणाकाठताई, 1 मेच्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. तिचं इतिवृत्त तिथेच लिहून घ्या, म्हणजे ग्रामसभेत वाचायला लावता येईल.

वारणाकाठ
आमच्याकडे महिला सभा नुसती वहीत होते. यंदा खरी भरवायला लावते. लेखी मागणी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडेच (पूर्वीचा ग्रामसेवक) द्यायची ना?