कर्नल स्टॅकचा वापर: चालवून मोजायचा की कंपाइल करतानाच?

रिकामी_फ्रेम (धागाकर्ता)

लिनक्स, एक्स८६-६४. प्रत्येक थ्रेडला कर्नलमध्ये १६ केबी स्टॅक (फंक्शन कॉल आणि लोकल व्हेरिएबलची जागा) मिळतो. २०१४ साली ३.१५ आवृत्तीत तो ८ चा १६ झाला. युजरस्पेससारखा तो गरजेप्रमाणे वाढत नाही, म्हणून ड्रायव्हर किंवा फाइलसिस्टिम लिहिणाऱ्याला मोजणी टाळता येत नाही.

माझं मत: चालवूनच मोजा. कॉन्फिग_डीबग_स्टॅक_युसेज चालू करून कर्नल बांधा. स्टॅक देताना कर्नल तो शून्यांनी भरून देतो. स्टॅक वरून खाली भरत जातो; थ्रेड संपताना कर्नल खालच्या टोकाचा मॅजिक शब्द (स्टॅक ओलांडला का ते ओळखायची खूण) सोडून वर सरकत, पहिला शून्य नसलेला शब्द शोधतो. तिथवरची जागा कधी वापरलीच नाही असं धरतो. पूर ओसरल्यावर घाटावर रेघ राहते, तसंच हे. उरलेल्या जागेचा आधीचा नीचांक मोडला तरच डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) थ्रेडचं नाव आणि 'इतके बाइट्स लेफ्ट' अशी ओळ येते. खर्च जवळजवळ नाही.

फ्रेमचे (एकेका फंक्शनने स्टॅकवर घेतलेल्या जागेचे) आकडे जुळवत बसण्यापेक्षा खऱ्या कामाच्या भाराखालचा एक आकडा बरा.

सब_आरएसपी

असहमत. ही रेघ पाणी चढलं होतं त्यापेक्षा खाली उमटते, आणि तुम्ही तिच्यावर घर बांधताय.

सर्वांत खोल फंक्शनमध्ये ५१२ बाइटचा बफर असेल आणि त्यात काही लिहिलंच नसेल, तर तिथे शून्यच राहतात. स्टॅक पॉइंटर खाली गेला होता, पण मोजणी म्हणते जागा मोकळी. त्यात जीसीसी कंपाइलरच्या १२ व्या आवृत्तीपासून कॉन्फिग_इनिट_स्टॅक_ऑल_झीरो वापरता येतं. त्यात लोकल व्हेरिएबल मुद्दाम शून्यांनी भरली जातात, म्हणजे वापरलेली जागासुद्धा कोरी दिसते. मोजणीसाठी तो पर्याय बंद ठेवा, किंवा पॅटर्नने भरणारा निवडा.

दुसरं, ओळ येते ती थ्रेड मरताना. केस्वॉपडीसारखे (मेमरी मोकळी करणारा) कर्नलचे थ्रेड बूटपासून चालू असतात, त्यांची ओळ कोण छापणार?

कंपाइलरला विचारा ना. जीसीसीला -एफस्टॅक-युसेज दिलं की प्रत्येक ऑब्जेक्टशेजारी .एसयू फाइल पडते: फंक्शन, बाइट, आणि स्टॅटिक की डायनॅमिक. डायनॅमिक (आकार चालताना ठरणारं) दिसलं की आधी तिथे बघा. कॉन्फिग_फ्रेम_वॉर्न (याहून मोठ्या फ्रेमवर इशारा देणारी मर्यादा) ६४ बिटवर साधारणपणे २०४८ असतो. आपल्या ड्रायव्हरच्या मेकफाइलमध्ये तो ५१२ वर आणा आणि इशारा आला की बिल्ड पाडा.

रिकामी_फ्रेम

जिवंत थ्रेडचं उत्तर सिस्‌आरक्यू-टी (कर्नलला थेट द्यायची आज्ञा). /प्रॉक/सिस्‌आरक्यू-ट्रिगरमध्ये 'टी' लिहा, प्रत्येक टास्कच्या ओळीत 'स्टॅक:' पुढे उरलेले बाइट येतात. (डीबग पर्याय बंद असेल तर तिथे ० दिसतो; घाबरू नये.) केस्वॉपडीही त्यात सापडतो.

आता तुमच्या फ्रेमबद्दल. २००० बाइटची एकटी फ्रेम कोणाला मारत नाही. मारते ती साखळी. सिस्टिम कॉल, फाइलसिस्टिम, तिथे एक केमॅलॉक (मेमरीची मागणी), मेमरी नाही म्हणून डायरेक्ट रिक्लेम (त्याच थ्रेडने ती मोकळी करणं), त्यातून स्वॅप, मग ब्लॉक लेयर (डिस्कच्या विनंत्या हाताळणारा थर), मग डिव्हाइसचा ड्रायव्हर. प्रत्येकाची फ्रेम दीडदोनशे बाइटची, सभ्य. ८ चे १६ केबी झाले ते असल्याच साखळीमुळे. .एसयू फाइलमध्ये ती दिसणार नाही, कारण मधले निम्मे कॉल फंक्शन पॉइंटरमधून जातात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

खोलमापक

दोघंही स्टॅक ट्रेसर विसरलात. कॉन्फिग_स्टॅक_ट्रेसर, मग

/प्रॉक/सिस/कर्नल/स्टॅक_ट्रेसर_एनेबल्ड मध्ये १ लिहा. भार टाका. /सिस/कर्नल/ट्रेसिंग/स्टॅक_मॅक्स_साइझ मध्ये कमाल खोली, शेजारच्या स्टॅक_ट्रेसमध्ये साखळीतल्या प्रत्येक फंक्शनचा वाटा. नव्या चाचणीआधी मॅक्स_साइझमध्ये ० लिहायला विसरू नका, नाहीतर जुनाच आकडा बघत बसाल.

धागाकर्त्याला हवी ती साखळी आणि सब_आरएसपींना हवे ते वाटे, दोन्ही इथे आहेत. खर्च मात्र जाणवतो, प्रत्येक फंक्शनच्या दाराशी तपासणी होते. प्रॉडक्शनवर नको.

सब_आरएसपी

दाराशीच होते, हीच अडचण. एक्स८६ वर एफएंट्रीचा (ट्रेसरला बोलावणारा) कॉल फंक्शनच्या अगदी सुरुवातीला असतो. आरएसपीतून (स्टॅक पॉइंटरमधून) जागा वजा होते त्यानंतर. म्हणजे शेवटच्या फंक्शनची स्वतःची फ्रेम कधीच मोजली जात नाही. कर्नलच्या दस्तऐवजातही हे स्पष्ट लिहिलंय. शिवाय हा ट्रेसर फक्त टास्कचा स्टॅक बघतो, इंटरप्टच्या स्टॅकवर असताना सरळ परत फिरतो.

म्हणून कमाल खोलीत शेवटच्या फंक्शनची .एसयूमधली फ्रेम हाताने मिळवा. वर १६८ बाइट धरा: इंटरप्ट कधीही येतो आणि स्टॅक बदलण्याआधी रजिस्टर टास्कच्याच स्टॅकवर ठेवतो. जुन्या ३२ बिट आर्मवर तर पूर्ण इंटरप्ट हँडलर त्याच ८ केबीत चालायचा.

चहा_नंतर

इतकं कशाला? स्टॅक ३२ केबी करून टाका. व्हीमॅप_स्टॅक आहे, खाली गार्ड पेज (मेमरी न जोडलेलं पान) आहे, ओलांडलं तर जागीच डबल फॉल्ट, म्हणजे कर्नल तिथेच थांबतो.

खोलमापक

गार्ड पेज शेजारच्या मेमरीची नासाडी वाचवतं, तुमचं मशीन वाचवत नाही. आणि १०,००० थ्रेडना १६ केबीने १,६०,००० केबी, म्हणजे साधारण १५६ एमबी. दुप्पट केलं की ३१२. /प्रॉक/मेमइन्फोमधली कर्नलस्टॅक ओळ बघा. ती दिलेली जागा सांगते, वापरलेली नाही; या दोघांत गल्लत नेहमी होते. केएएसएएनवर (मेमरीतल्या चुका शोधणारं साधन) तसेही ३२ केबी मिळतात, कारण त्याचे रेडझोन (व्हेरिएबलभोवतीचे राखीव पट्टे) फ्रेमा फुगवतात. म्हणून केएएसएएन बिल्डवरचा आकडा प्रॉडक्शनला लावू नका.

रिकामी_फ्रेम

६.१२ पासून तोच डीबग पर्याय /प्रॉक/व्हीएमस्टॅटमध्ये केस्टॅक_१के, _२के, _४के, _८के, _१६के असे गट देतो. संपलेले थ्रेड किती खोल गेले त्याची मोजदाद. पाच मिनिटांच्या अंतराने दोन नोंदी घ्या आणि फरक काढा. _१६के मध्ये एखादा जरी पडला तरी तो थ्रेड ८ केबीच्या पुढे गेला होता.

सब_आरएसपी

गट चांगले, पण शून्य शोधणारी मोजणी तीच, म्हणून चुकाही त्याच. आणि संपलेलेच थ्रेड. केस्वॉपडी त्यात नाही.

बिल्ड पाडायला मी अजूनही फ्रेमची मर्यादाच लावेन. एखाद्या स्विचमध्ये तीन लहान फंक्शन इनलाइन झाली (कॉलऐवजी त्यांचा कोडच तिथे घातला गेला) की त्यांचे बफर एकाच फ्रेममध्ये साचतात, आणि त्या तिघांपैकी कोणतंही चाललं नाही तरी वजाबाकी होतेच. तिथे नोइनलाइन_फॉर_स्टॅक लावा. बफर २५६ च्या वर गेला तर केमॅलॉक, पण रिक्लेमच्या वाटेवर तोही नको. प्रोबमध्येच (डिव्हाइस सापडताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) घेऊन ठेवा.